पितळ उघडे पडले तेव्हा

मराठी भाषेवर माझे निस्सीम प्रेम आहे. पण तिच्या एका वाक्प्रचारावर माझा जुना राग आहे. एखाद्याची लबाडी चव्हाट्यावर आली की आपण चटकन म्हणतो, ‘त्याचे पितळ उघडे पडले.’ जणू काही पितळ म्हणजे लाज. चारचौघांत झाकून ठेवावी अशी गोष्ट! हा वाक्प्रचार ज्याने प्रथम उच्चारला तो बहुधा सोनाराच्या आळीत राहत असावा. भंडाऱ्यात तो खास राहत नव्हता.

आमच्या भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. वैनगंगेच्या काठच्या या गावात पितळेवर पडणारे हातोडे पिढ्यान्‌पिढ्या वाजत आले. छत्तीसगडातील रतनपूरच्या सुमारे ९०० वर्षांपूर्वीच्या एका शिलालेखात ‘भाणार’ हे नाव येते, आणि ते आमच्याच मुलखाचे समजले जाते. जुनी जाणती माणसे या नावाचे नाते ‘भाणे’ म्हणजे पितळी ताट या शब्दाशी जोडतात. व्युत्पत्तीचे खरेखोटे पंडित जाणोत. पण राजाच्या नावावरून नव्हे, देवाच्या नावावरून नव्हे, तर जेवणाच्या ताटावरून आपल्या गावाचे नाव पडले, असे मानण्यात आम्हाला मोठा आनंद वाटतो.

माझ्या लहानपणी दिवाळी येई ती फटाक्यांच्या आवाजाने नव्हे, भांड्यांच्या आवाजाने. पाण्याचे गुंड, गंगाळे, कोपर, गडवे, समया, सगळे पितळ परसात येऊन बसे. चिंचेचा कोळ आणि राख हे त्याचे उटणे. राखही साधी नव्हे. आमचा जिल्हा भाताचा, तेव्हा भाताच्या तुसाची. चिंचेच्या आंबटपणाने पितळेवरचा काळपटपणा सुटे आणि तुसाच्या राखेत वाळूच्याच जातीचा जो सिलिका असतो, तो त्याला खरवडून काढी. हे शास्त्र मला पुढे पुस्तकातून कळले. आईच्या हातांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होते. पुढे स्टेनलेस स्टील आले, न घासता चमकू लागले आणि घरोघरचे गुंड वजनाने मोडीत गेले. आमच्याकडे एकच राहिला आहे. तो पत्नीच्या माहेरचा. म्हणूनच राहिला असावा!

पितळेचा हा अभिमान मी आजवर उगाच मिरवीत आलो. यंदा मात्र तो कामी आला, आणि तोही एका स्विस घड्याळामुळे.

लेकीचे लग्न झाले ते यंदाच्या वैशाखात. म्हणजे हा जावयाचा पहिला दिवाळसण. जावयाला मनगटी घड्याळ देण्याची रीत आमच्या पिढीला परिचयाची आहे. पण आजच्या तरुणाच्या खिशातला फोन वेळ सांगतो, हवामान सांगतो, आणि किती पावले चाललात तेही सांगतो. त्याला घड्याळ कशाला? सुदैवाने आमचे जावई जुन्या, चावीच्या घड्याळांचे वेडे निघाले. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध घड्याळजींकडे एक फावर-ल्युबा विकायला आहे असे कळले आणि मी ते घेऊन टाकले.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना फावर-ल्युबा हे नाव सांगायला नको. १७३७ पासूनची ही स्विस परंपरा. १८६५ साली तिने मुंबईत पाय रोवला. १९६१ मध्ये बंगळूरला एच. एम. टी.चा कारखाना निघाला आणि सामान्य माणसाच्या मनगटाला स्वदेशी घड्याळ मिळाले. तरी ‘फावर-ल्युबा आहे’ हे सांगताना माणसाचा मनगटाकडचा बाहीचा भाग आपोआप वर सरके. एच. एम. टी.चीही त्या काळची घड्याळे आता जुनी झाली. तीही जुन्यांच्या शौकिनांकडेच गेली आहेत.

मी घेतलेले घड्याळ सोनेरी होते. घड्याळजींनी ते उघडून, धुऊन, तेल घालून दिले होते. कानाशी धरले की सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,००० ठोके स्वच्छ ऐकू येत. आतले सगळे ठीक होते. कळा गेली होती ती बाहेरची. काच ओरखड्यांनी धुरकटलेली, पट्टा घामाने कडक झालेला, सांध्यांत मळ बसलेला. मी ठरवले की उरलेले काम घरीच करायचे. भांडी घासणाऱ्यांच्या गावचा माणूस एवढेसे घड्याळ घासू शकणार नाही काय?

काचेने मला पहिले यश दिले. त्या काळच्या पुष्कळ घड्याळांची काच खरी काच नसतेच. ती एक प्रकारचे प्लास्टिक असते. तिच्यावरचे बारीक ओरखडे दात घासायच्या पांढऱ्या पेस्टने जातात. बाकीच्या भागावर चिकटपट्टी लावली, मऊ धोतराच्या तुकड्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट घेतली आणि अर्धा तास हलक्या हाताने गोल गोल फिरवली. धुके विरले. खालची तबकडी दिसू लागली. वयाने किंचित पिवळसर झालेली, पण अस्सल. तिला मी हात लावला नाही. जुन्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवली की शौकीन नाक मुरडतात, हे जावयांनीच एकदा सांगितले होते. सांध्यांतला मळ लाकडी दातकोरणीने कोरड्यानेच काढला. तो कुणाच्या तरी मनगटाचा, कित्येक उन्हाळ्यांचा मळ होता.

राहिले ते बाहेरचे सोनेरी घर. पट्टा अडकवतात त्या चारही कानांच्या कडांवर सोन्याचा रंग उडून खालचा फिकट पिवळा धातू दिसत होता. भिंगाखाली धरताच मी त्याला ओळखले. चिंच लावायच्या आधी गुंडाच्या काठाला असतो तोच रंग. ते पितळ होते! स्वित्झर्लंडहून आलेल्या त्या पाहुण्याच्या अंगात आमच्या गल्लीतलेच रक्त निघाले. खरे सांगतो, मला आपला माणूस भेटल्यासारखे झाले.

पत्नीला तसे झाले नाही. घड्याळ उलटेसुलटे पाहून ती म्हणाली, “अजी, पहिल्या दिवाळीला जावयाला जुनी घडी द्याची? तीही अशी पितळ दिसणारी? अन्‌ मागं तर दुसऱ्याचंच नाव आहे!”

नाव होते, हे खरे. पाठीमागच्या पोलादी झाकणीवर बारीक अक्षरांत कोरले होते: सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट, खाली एका शिक्षकाचे नाव आणि १९६९ हे साल. ते नाव मी इथे लिहीत नाही. शाळेतल्या सहकाऱ्यांनी आपापल्या पगारातून वर्गणी काढून हे घेतले असणार. किती जणांनी, किती महिने, कोण जाणे! त्या गुरुजींच्या घरच्यांनीच पुढे ते घड्याळजींकडे आणून दिले होते.

“हे नाव घासून टाका,” पत्नी म्हणाली, “अन्‌ बाहेरून चांगलं पॉलिश करून घ्या. पितांबरी देऊ का?”

तिचे म्हणणे अगदीच सोडून देण्यासारखे नव्हते. लेक नव्या घरी गेलेली. तिच्या माहेरचा अहेर तिकडची दहा माणसे हातात घेऊन पाहणार. ‘जुनेच दिले’ हा एक शब्द पुरे. तो आम्हाला लागणार नाही. तिला लागेल, आणि ती तो आम्हाला सांगणारही नाही.

मी पितांबरी घेतली नाही. घड्याळ घेऊन घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग चढवले, दोन कानांच्या मधली जागा मला दाखवली आणि तिथे कोरलेली इवलीशी अक्षरे वाचायला लावली: २० मायक्रॉन.

“भाऊ,” ते म्हणाले, “एवढंच सोनं आहे याच्यावर. आता सांगा, कुठून घासू?”

मी हिशेब केला. वीस मायक्रॉन म्हणजे असे पन्नास थर एकावर एक रचावे तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरतो. माणसाचा केसही याहून जाड.

“लोकांना वाटतं पॉलिश म्हणजे काही चढवणं. ते उतरवणं आहे, भाऊ. ओरखडा जात नाही. त्याच्या भोवतालचं सगळं त्याच्याइतकं खाली येतं. कल्हई चढते. पॉलिश उतरतं.”

“मग पुन्हा सोन्याचा मुलामा दिला तर?”

“देता येतो. पण आधी सगळं घासून सपाट करावं लागेल. या कानांच्या कडा बघा, अजून कशा धारदार आहेत. त्या साबणाच्या वडीसारख्या गोल होतील. घड्याळ नवं दिसेल. पण हे घड्याळ राहणार नाही.”

आणि मागचे नाव? ते जाईल काय? “पोलाद आहे, वेळ लागेल, पण जाईल,” ते म्हणाले. थोडे थांबून पुढे म्हणाले, “सांगाल तर घालवतो.” त्यांच्या स्वरात उत्साह नव्हता.

मी घड्याळ तसेच घरी आणले आणि पत्नीला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दिवाळीची भांडी निघाली आणि ती माहेरचा गुंड घेऊन परसात बसली. त्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले आहे. लग्नात भांड्यांवर नाव घालायची ती जुनी पद्धत. गुंडाचे पोट ती जोराने घाशी. पण गळ्याशी आले की तिचा हात आपोआप हलका होई, आणि नावावरून तर नुसती ओली चिंच फिरे. इतकी वर्षे मी ते पाहत आलो होतो, पण माझ्या डोळ्यांत ते त्या दिवशी भरले. नाव एक नव्हते, दोन होती. वरचे तिच्या आजीचे. खालचे, वेगळ्या हाताने घातलेले, तिच्या आईचे. आजीचे नाव आता बोटांनीच वाचावे लागते.

तिने हात धुतले, पदराला पुसले आणि घड्याळ मागून घेतले. बराच वेळ त्या झाकणीकडे पाहून ती म्हणाली, “गुरुजींच्या नावाखाली जागा आहे जी. तिथं आपल्या जावयाचं नाव घालून आणा.”

तसे केले. घड्याळजींनी झाकणी काढून दिली. भांड्यांवर नावे घालणाऱ्या माणसाने आपल्या यंत्राने ते नाव कोरले. आयुष्यात प्रथमच त्याच्या हाताखाली स्विस माल आला होता. त्याने पैसे मात्र वाटीचेच घेतले!

आपण दिवाळीला घर झाडतो, घासतो, रंगवतो. ते केलेच पाहिजे. मळ हा मळच. पण घासताना हात कुठे हलका करायचा, हे ज्याला कळले त्यालाच घासणे कळले. माणसांचेही तसेच असावे. आपल्या वडीलधाऱ्यांना आपण किती घासूनपुसून लख्ख करू पाहतो! आणि त्या भरात त्यांच्या कडा आणि त्यांच्यावर कोरलेली नावे पुसून टाकतो.

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा ते घड्याळ जावयांच्या मनगटावर असेल. कानांवर पितळ उघडे असेल, पाठीवर दोन नावे असतील. त्यांच्या घरी कुणी विचारलेच, तर काय सांगायचे ते लेकीला कळवून ठेवले आहे: आम्ही भंडाऱ्याचे लोक आहोत, आमच्याकडे पितळ उघडेच असते.