मोत्याचे पथ्य

अन्नावाचून प्राणी मरतो हे आपण सर्व जाणतो. परंतु दोन वेळा पोटभर जेवूनही तो उपासमारीने मरू शकतो, हे आम्हांस आमच्या मोत्याने शिकविले.

मोत्या अल्सेशियन जातीचा. वणीच्या एका स्नेह्यांकडून पिल्लू असतानाच तो मारेगावास आमच्या घरी आला. दीड वर्षाचा होईतो त्याचे अंग असे भरले होते, की कापसाची गाडी दारावरून जाऊ लागली म्हणजे गाडीवान आधी कासरे आवरून धरी. पुढे मात्र त्याची भूक वाढू लागली आणि अंग उतरू लागले. ताट चाटूनपुसून झाल्यावर तो माती खाई, शेण खाई. शौच दिवसातून पाच-सहा वेळा, तेही पिवळट, तेलकट आणि ढीगभर. धान्य तोलण्याच्या काट्यावर त्यास उभे केले, तेव्हा 26 किलोंचा मोत्या 17 किलोंवर आलेला! शेजारच्या आजीबाईंनी एके दिवशी भर रस्त्यात विचारिले, "काय जी, कुत्र्याले खायले देत नाही काय?" आम्हांस मान वर करवेना. जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते. आता त्यास सुखाने जाऊ द्यावे, असा सल्लाही एका जाणत्या गृहस्थांनी दिला होता.

अखेरीस एका पशुवैद्यांनी सर्व हकीकत शांतपणे ऐकून घेतली व स्वादुपिंडाचे नाव काढिले. जठरापाशी असलेली ही ग्रंथी पाचक रस करते. त्यातील एक द्रव्य पिष्ट फोडते, दुसरे मांसान्न, तिसरे स्निग्ध पदार्थ. मोत्याची ही ग्रंथी सुकत चालली होती, आणि त्याच्या जातीत हा रोग विशेष आढळतो. रक्ताची एक खास परीक्षा या रोगासाठी आहे. ती त्या वेळी आम्हांस साधली नाही, म्हणून लक्षणे पाहून उपाय सुरू झाला. उपाय म्हणजे डुकराच्या स्वादुपिंडाची वाळविलेली पूड, वजनाच्या दर दहा किलोंस एक चहाचा चमचा, प्रत्येक जेवणात कालवून. हे जन्मभर!

पहिले आठ दिवस काडीचाही गुण आला नाही. दोष पुडीचा नव्हता, आमचा होता. मातोश्रींनी प्रेमाने चुलीवरून उतरविलेला वाफाळता भात, आणि त्यातच आम्ही पूड ओतीत होतो. ही पाचक द्रव्ये उष्णतेने नष्ट होतात, एवढे साधे शास्त्र आम्हांस ठाऊक नव्हते. मोत्याचे आठ दिवस आणि महागाची पूड, दोन्ही वाया गेली.

मग क्रम बदलला. मऊ भात व उकडलेले कोंबडीचे मांस पूर्ण निवू द्यावे, कोमट पाणी घालावे, पूड हलक्या हाताने कालवावी (उडून नाकात गेली तर शिंका आवरत नाहीत) आणि वीस मिनिटे थांबावे. बालवाचकहो, हा देखावा पाहण्याजोगा असतो. ज्या भातात पळी उभी राहत होती, तो पाहता पाहता पेजेसारखा वाहू लागतो. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला म्हणजे गोड लागतो ना? लाळ तोंडात जे करते तेच येथे भांड्यात घडते. प्रयोगांती असे दिसले आहे की, वाट पाहणे आवश्यकच आहे असे नाही, नीट कालविले म्हणजे पुरे. तथापि घाईने दिलेल्या कोरड्या पुडीने मोत्याच्या तोंडातून रक्त आलेले आम्ही एकदा पाहिले आहे. म्हणून आम्ही थांबतो. ज्वारीची भाकर मात्र बंद झाली, कारण फार कोंडा त्यास पचत नाही. मातोश्रींस याचे अजून वाईट वाटते.

एकदा पावसाळ्यात नागपुराहून येणारी पूड अडकली. तेव्हा पशुवैद्यांच्या सांगण्यावरून आम्ही मटणाच्या दुकानी गेलो. आतड्याच्या वेढ्यात दडलेला, गुलाबी, दाणेदार मांसाचा तो पट्टा दुकानदार एरवी फेकून देत असे. तो कच्चाच बारीक चिरून अन्नात घालावयाचा. शिजविला की निरुपयोगी. गोठवून ठेविल्यास महिनेच्या महिने टिकतो. ही युक्ती नवी नव्हे. 1921 साली टोरोंटो येथे बॅन्टिंग व बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लाविला, तो स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर. पुढे इन्सुलिन मिळूनही तसे कुत्रे काही महिन्यांत दगावत. तेव्हा तेथील प्रयोगशाळेत त्यांच्या आहारात कच्चे स्वादुपिंड घालू लागले, आणि ते जगू लागले. आज लक्षावधी माणसे ज्या औषधावर जगतात ते त्या मुक्या जिवांवर सिद्ध झाले. त्यांच्याच ताटातील एक युक्ती मारेगावात मोत्याच्या ताटात आली.

पुढे ब-12 जीवनसत्त्वाच्या सुयाही टोचाव्या लागल्या, कारण कुत्र्यात ते शोषून घेण्यासही स्वादुपिंडाचेच साहाय्य लागते. दोन महिन्यांनी काटा 21 वर गेला. आज तो 25 दाखवितो. माती खाणे सुटले. आजीबाई आता म्हणतात, "लय माजला जी तुमचा मोत्या!"

येत्या उन्हाळ्यात चंद्रपुरास एका लग्नास सर्वांनी जाणे आहे. चार दिवस पूड कोणी कालवावी, यावर घरात अद्याप खल चालू आहे. धाकटा पुतण्या तयार आहे, पण वीस मिनिटे थांबण्याइतका धीर त्याच्या अंगी आहे किंवा नाही, याविषयी मातोश्रींस शंका आहे.