पिंपळगावात मुलांनी खेळायचे कुठे?

परीक्षा आटोपून शाळांना सुट्ट्या लागल्या की घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते. पोरे दिवसभर टीव्ही आणि मोबाईलपुढे बसून असतात, बाहेर म्हणून पडत नाहीत. तक्रार खरी आहे. परंतु मोबाईल बाजूला ठेवून पोर बाहेर पडले तर त्याने जायचे कुठे, याचा विचार आपण मोठ्या माणसांनी केला आहे काय? हाच प्रश्न घेऊन गेल्या उन्हाळ्यात आम्ही वस्तीतील चार-पाच कुटुंबांसह, मुलाबाळांना बरोबर घेऊन, रविवारमागून रविवार पिंपळगाव बसवंत पायी फिरलो. जे दिसले ते कुटुंबातील सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

निफाड तालुक्यातले हे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून साधारण तीस किलोमीटरवर आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांच्या बाजारपेठेमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रक यांची रीघ लागते. द्राक्षबागेच्या कामासाठी पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे येतात, त्यांची लहान मुलेही सोबत असतात. मात्र गाव वाढले, जागेला मोल आले, आणि पूर्वी ज्या मोकळ्या वावरात पोरे विटीदांडू खेळत तेथे घरे आणि गाळे उभे राहिले. रहदारीच्या रस्त्यापलीकडे मैदान असेल तर सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच आहे.

मैदान चांगले की वाईट हे कसे ओळखावे? आमच्या फिरण्यातून काही साध्या खुणा हाती आल्या. पहिली खूण म्हणजे सावली. भर उन्हात लोखंडी घसरगुंडी इतकी तापते की मुलाची कातडी पोळते, म्हणून कडुनिंबाचे किंवा वडाचे झाड शेजारी असलेले मैदान केव्हाही बरे. दुसरी खूण पायाखालची जमीन. झोक्याखाली सिमेंट असेल तर तेथे लहान मुलाला सोडू नये. माती किंवा वाळू हवी. तिसरी, झोक्याच्या साखळ्या आणि बोल्ट हाताने हलवून पाहावेत. चौथी, पिण्याचे पाणी आणि शौचालय. ही सोय नसेल तर मुली फार वेळ थांबत नाहीत, आणि मग मैदान आपोआप मुलांचेच होऊन बसते. पाचवी, रस्त्याच्या बाजूला कुंपण आहे की नाही.

या कसोटीला सर्वांत जास्त उतरतात ती शाळांची मैदाने. शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण असले पाहिजे असे स्पष्ट नमूद आहे. अडचण एवढीच की सुट्टीत फाटकाला कुलूप लागते. मुख्याध्यापकांना दोष देऊन उपयोग नाही, मोडतोड झाली तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. पालकांनी लेखी अर्ज करावा, सायंकाळी पाच ते सात अशी वेळ मागावी आणि फाटक उघडण्याची व लावण्याची जबाबदारी कोणाची ते नावानिशी लिहून द्यावे. नुसते तोंडी बोलणे कोणी मनावर घेत नाही, कागदाला मात्र उत्तर द्यावे लागते.

दुसरी जागा म्हणजे नव्या वसाहतींमधील खुली जागा. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट मंजूर होताना दहा टक्के जागा खेळण्या-बसण्यासाठी मोकळी सोडावी लागते. मंजूर नकाशात ती दाखवलेली असते. प्रत्यक्षात कोठे वाळूचा ढीग असतो, कोठे गाड्या उभ्या असतात, कोठे कोणीतरी हळूहळू बांधकाम सुरू केलेले असते. आपल्या परिसरातील नकाशाची प्रत मागून घ्यावी आणि ती घेऊन जागेवर जाऊन उभे राहावे. गेलेले मैदान सापडण्याची सुरुवात तेथून होते.

अशाच एका वसाहतीत आम्हाला चांगली बाग दिसली. झोके नवे, झाडे मोठी, बाकडी स्वच्छ. फाटकावर पाटी होती : ‘बाहेरच्या मुलांना प्रवेश नाही.’ आमच्याबरोबरच्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “काका, बाहेरची म्हणजे कोण?” पाटीवर जातीचे नाव नव्हते. परंतु शेजारच्या दुसऱ्या वसाहतीतील मुले आत खुशाल खेळत होती आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना मात्र राखणदाराने हटकले. आम्ही भांडलो नाही. कारकुनी डोळ्यांना सवय असते म्हणून खेळण्यांवरील छोटा फलक वाचला. खेळणी सार्वजनिक निधीतून बसवलेली होती. फलकावरील मजकूर उतरवून घेतला, आठ पालकांच्या सह्या घेतल्या, आणि संबंधित कार्यालयात अर्ज देऊन पोहोच घेतली. दोन वेळा स्मरणपत्र द्यावे लागले. तिसऱ्या महिन्यात पाटी निघाली. आता आमची मुले तेथे जातात. काही आयांच्या मनातली धास्ती अजून गेलेली नाही, म्हणून आम्ही आळीपाळीने मोठे माणूस सोबत पाठवतो.

वाचक बंधू-भगिनींनो, हा विषय झोक्यापुरता नाही. 1923 साली रावबहादूर बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे मान्य झाले. तरीही 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, तेव्हा त्या कागदाला जीव आला. पुढे संविधानाच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक राबत्याच्या जागाही आल्या. सरकारी पैशातून राखलेली किंवा सर्वांच्या उपयोगासाठी दिलेली जागा धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही नाकारता येत नाही. त्यात मुलांचे मैदानही आलेच.

मैदान नाकारल्याने काय नुकसान होते, हे पाहायचे तर पालवणकर बाळू यांचे उदाहरण घ्यावे. चर्मकार समाजातील हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्याची खेळपट्टी निगुतीने राखत असे. गोऱ्यांना गोलंदाजी करता करता त्याचा हात तयार झाला. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही स्वदेशात त्याला सहकाऱ्यांपासून वेगळा चहा घ्यावा लागला होता. आपल्या शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. संधी मिळाली तर खेड्यातला मुलगा कोठवर जातो, हे त्याने दाखवले.

तिसरी जागा आपल्या हातातली आहे, ती म्हणजे विहाराचे आवार. वंदनेची वेळ सोडून ते पुष्कळदा रिकामे असते. एक झोका, एक दोरी, थोडी वाळू आणि दोन झाडे एवढ्यावर लहान मुलांची सोय होते. रविवारी वंदना झाली की तासभर खेळ ठेवावा. मुले आपणहून येऊ लागतात, आणि त्यांच्या मागोमाग आई-वडीलही येतात. मात्र तेथेही सर्व समाजांच्या मुलांना बोलवावे. दुसऱ्याची पाटी काढायला लावून आपण आपली पाटी लावू नये.

महिन्यातून एकदा सहकुटुंब दूर जावे. निफाडमार्गे नांदूरमधमेश्वरचे पक्षी अभयारण्य जवळ पडते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील ही पाणथळ जागा 2020 साली रामसर यादीत आली, महाराष्ट्रातील ती पहिली. हिवाळ्यात पहाटे जावे, म्हणजे परदेशी पक्षी दिसतात. दुसरी सहल त्रिरश्मी लेण्यांची. नाशिकच्या पुढे त्याच महामार्गालगत डोंगरात ही चोवीस लेणी आहेत. पायऱ्या चढताना मुले दमत नाहीत, आपणच दमतो. तेथील एका लहान लेण्यातील शिलालेखात मुगुदास नावाच्या मच्छिमाराने कुटुंबासह दिलेल्या दानाची नोंद अभ्यासकांनी वाचली आहे. राजा-राणीच्या दानाबरोबर एका कष्टकरी घराचे दानही दगडावर आले, हे मुलांना जरूर सांगावे.

येत्या सुट्टीपूर्वी प्रत्येक वस्तीने तीन कामे करावीत. आपल्या भागातील खुल्या जागांची यादी करावी, जवळच्या शाळेला सायंकाळच्या वेळेसाठी अर्ज द्यावा, आणि मुलांबरोबर रोज कोण जाणार याची पाळी लावावी. त्या पाळीत वडिलांचीही नावे असावीत, सगळा भार आयांवर टाकू नये. अर्जाची पोहोच मात्र जपून ठेवावी.