दिव्यांची पेटी

माझ्या लग्नात आईने मला जी ट्रंक भरून दिली, तिची आठवण मला अलीकडे वारंवार येते. आणि गंमत अशी, की ती येते आमच्या धाकट्याच्या डीजेच्या दिव्यांमुळे. पत्र्याची ट्रंक आणि डीजेचे दिवे यांचा संबंध तो काय, असे कोणालाही वाटेल. दीड वर्षापूर्वी मलाही तसेच वाटले असते.

ट्रंक 1990 सालची. आई ती भरत होती आणि मी शेजारी बसून नुसती पाहत होते. जड शालू तळाला, त्यावर रोजच्या साड्या, आणि सर्वांत वर पहिल्या सकाळी लागणारी साडी, टॉवेल, फणी, कुंकवाची डबी व सुईदोरा. मी म्हटले, "अगं, फणी कोपऱ्यात बसेल की! वर कशाला जागा अडवतेस?" आई म्हणाली, "कोपऱ्यात बसेल गं. पण पहाटे परक्या घरात काळोखात तुला ती चाचपावी लागेल. पेटी भरणाराने आपली सोय पाहू नये, उघडणाराची पाहावी." सासरच्या पहिल्या पहाटे, सारे घर झोपलेले असताना, दिवा न लावता माझ्या हाताला पहिल्याच झटक्यात फणी लागली. मला तेव्हा आईची जितकी आठवण आली, तितकी निघताना गळ्यात पडून रडतानाही आली नव्हती.

आता धाकट्याकडे वळते. त्याने इलेक्ट्रिकलची पदविका घेतली, एका कारखान्यात वर्षभर काम केले, आणि एके दिवशी घरी येऊन सांगितले, की आता आपण लग्नकार्यात लाईटचा धंदा करणार. आमच्या ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वर्तमानपत्र उघडले. ह्यांचा राग असाच असतो. बत्तीस वर्षे ह्यांनी दापोडीच्या कार्यशाळेत एस.टी.च्या गाड्यांचे सांगाडे बांधले. ज्या कामातून टिकाऊ वस्तू तयार होत नाही, त्याला हे काम म्हणत नाहीत. मी मात्र माझ्या दोन पाटल्या मोडून दिल्या. आईच्याच होत्या त्या.

पाटल्यांचे जे रूपांतर झाले ते असे : आठ एलईडी पार, चार शार्पी, दोन स्टँड, एक धुराचे यंत्र आणि पोतेभर वायरी. पार म्हणजे डब्यासारखा गोल दिवा. त्याच्या तोंडावर लाल, हिरवे, निळे बारीक दिवे कणसाच्या दाण्यांसारखे दाटीने बसवलेले असतात. पूर्वी अशाच डब्यात हजार वॅटचा एकच बल्ब असे आणि तो इतका तापे, की पुढचा रंगीत कागद करपून जाई. निळ्या एलईडीच्या शोधाने हे सारे बदलले. त्या शोधाला 2014 सालचे भौतिकीचे नोबेल मिळाले, ही माहिती धाकट्याने मला अशा थाटात दिली, की जणू पारितोषिकात त्याचाही वाटा होता! शार्पी म्हणजे मान फिरवणारा दिवा. वजन पंधरा-वीस किलो, आणि झोत असा की आभाळाला काठी टेकवल्यासारखा वाटावा.

हा सारा ऐवज छोट्या हत्तीतून कसा जाई? पार जुन्या गोधड्यांत, शार्पी भाजीच्या प्लॅस्टिकच्या क्रेटांत, आणि वायरी पोत्यात. पोते रिकामे केले, की आतून एकच वायर निघे. अर्थात तीत वीस वायरी असत.

गेल्या वर्षी वैशाखात खेड तालुक्यात एक हळद होती. नवरी माझ्या मावसबहिणीच्या नात्यातली, म्हणून मीही गेले होते. गाडी सहाला पोचली. सात वाजले, आठ वाजले, पोरे अजून पोत्यातल्या गुंत्याशी झटत होती. दिवे दांडीला अडकवायच्या पकडी एका पिशवीत होत्या आणि त्यांचे नटबोल्ट दुसऱ्या. रस्त्याच्या खड्ड्यांत एका शार्पीची मान इतकी हिंदकळली होती, की आतला पट्टाच निसटला. प्रत्येक दिव्याला एक नंबर द्यावा लागतो. त्या नंबराने तो यंत्राचा हुकूम ओळखतो. ते नंबर बदललेले, म्हणून लाल मागितला की एक दिवा हिरवा होई आणि दुसरा डोळे मिचकावी.

दिवे लागले पावणेनऊला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. म्हणजे वर्षभर मनात घोळवलेल्या नाचाला उरला सव्वा तास. नवरीच्या आजीसाठी अगदी पुढे खुर्ची मांडली होती. नातीचा नाच पाहायला म्हणून ती दुपारपासून नवे लुगडे नेसून बसली होती. दिवे लागले तेव्हा ती खुर्चीतच झोपी गेली होती, आणि तिला उठवायला कोणी धजेना. नवरीच्या मामाने रात्री निम्मे पैसे हातावर ठेवले. "राहिलेले राहू द्या," एवढेच म्हणाला. त्याचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही. परतीच्या वाटेवर धाकटा एक शब्द बोलला नाही. मी मनगटावरच्या काचेच्या बांगड्या उगाचच मागेपुढे करीत बसले.

सकाळी उठून पाहते, तर हे पडवीत उकिडवे बसून मोजपट्टीने शार्पी मोजत होते. धाकटा दारात उभा. त्याच्याकडे न पाहताच हे म्हणाले, "ह्याला मान आहे, आणि तुम्ही ती मोकळी ठेवून नेता? गाडीत झोप लागलेल्या उतारूची मान पाहिली आहेस का कधी?" दीड वर्षात ह्या धंद्याविषयी ह्यांनी काढलेला तो पहिला शब्द.

पहिली पेटी ह्यांनी एस.टी.च्या हिशेबाने बांधली : अठरा मिलीमीटरचे प्लायवुड आणि लोखंडी कोन! ती रिकामी उचलायलाच चार माणसे लागली. आधी धाकटा हसला, मग मी, आणि शेवटी हेही हसले. दुसरी पेटी नऊ मिलीमीटरच्या प्लायवुडची केली. कडांना ॲल्युमिनियमची पट्टी, पट्टीला रिबिटे, कोपऱ्यांना पोलादी गोल टोप्या, खाली ब्रेकची चाके. कड्या पेटीच्या अंगात बुडवलेल्या, म्हणजे शेजारच्या पेटीला अडकू नयेत. आत गादीचा स्पंज घालायचा नाही, कारण तो महिन्याभरात दबतो. कडक फोम घ्यायचा आणि तो दिव्याच्या आकाराला कापायचा. हौदा सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद, तेव्हा पेट्यांची मापे अशी घेतली, की शेजारी शेजारी लागल्या म्हणजे मध्ये हलायला जागाच उरू नये.

पेट्या झाल्या, मोडतोड थांबली, पण वेळ काही फारसा वाचेना. एका संध्याकाळी मी पडवीत जाऊन पाहिले, तेव्हा कारण लक्षात आले. एका पेटीत सारे दिवे, दुसरीत साऱ्या पकडी, तिसरीत साऱ्या वायरी. दिसायला अगदी नीटनेटके! पण एक दिवा लावायचा तर तिन्ही पेट्या उघडा. ही भरणाराची सोय झाली. मी बापलेकांना माझ्या ट्रंकेची गोष्ट सांगितली. दोघेही जरा वेळ गप्प राहिले आणि मग एकदमच बोलू लागले.

तेव्हापासून सामान जातीप्रमाणे न भरता कामाप्रमाणे भरतात. चार पार एका दांडीवर घरीच पकडींनी घट्ट बसवलेले असतात. त्यांच्या आपसातल्या वायरीही जोडलेल्या असतात, आणि दिवा निसटलाच तर अडकून राहावा म्हणून प्रत्येकाला तारेचा फास असतो. ती दांडी जशीच्या तशी लांब पेटीत जाते. जागेवर पोचल्यावर स्टँड उभा करायचा, दांडी चढवायची आणि दोन पिना खोचायच्या, की झाले. प्रत्येक दिव्याच्या पाठीवर त्याचा नंबर चिकटवलेला आहे : 1, 9, 17, 25, कारण एकेक दिवा आठ-आठ हुकूम घेतो. विजेच्या वायरीला लाल फीत, हुकमाच्या वायरीला निळी. वायर कोपराभोवती पिळून गुंडाळायची नाही. एक वेढा सुलटा आणि एक उलटा असा घ्यायचा, म्हणजे फेकली की सरळ उलगडते. झाकणाच्या आत सामानाची यादी. आणि जी पेटी आधी लागणार, ती गाडीत सर्वांत शेवटी चढवायची. अडीच-पावणेतीन तासांचे काम आता पाऊण तासात होते. हे दोन तास मांडवात वाचत नाहीत. ते आदल्या रात्री आमच्या पडवीत वाचतात.

मार्गशीर्षात आळंदीला एक लग्न होते, तिथे हेही गेले. कार्यक्रम संपला, पोरे घाईने शार्पी उचलू लागली, तशी ह्यांनी काठी आडवी धरली. "निवू द्या त्याला. पंखा चालू राहू दे पंधरा मिनिटे." आतला दिवा तापलेला असताना हिसका बसला तर त्याचे आयुष्य घटते, हे ह्यांना कोणी सांगितले कोणास ठाऊक! पण मला माझ्या लहानपणीचे वरातीतले गॅसबत्तीवाले आठवले. बत्तीचे मेंटल एकदा जळले की त्याची नुसती राखेची जाळी उरते आणि ती जरा धक्क्याने ढासळते. म्हणून ते लोक कोरी मेंटले खिशात जपून आणीत आणि जागेवरच बांधीत. उजेड फिरता ठेवणाऱ्यांना ही काळजी पिढ्यान्‌पिढ्या चुकलेली नाही.

ती पंधरा मिनिटे बापलेक एकाच पेटीवर बसून चहा पीत होते. फारसे काही बोलत नव्हते. मग धाकट्याने शार्पीची मान कळ लावून अडकवली आणि दोघांनी मिळून ती पेटीत उतरवली. झाकण लावण्याआधी ह्यांनी एक पकडपाना उचलून सर्वांत वर ठेवला. "उद्या आधी हाच लागेल," ते म्हणाले.

मला पाटल्या परत कधी मिळतील, ते मी अजून विचारलेले नाही.