एका शब्दाचा रंग

इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत फजिती झाली, त्या दिवशी दहावीतील एका मुलाने निश्चय केला की, रोज दहा अवघड शब्द पाठ करावयाचे. निळ्या पुठ्ठ्याची एक वही आली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, अशी पानांमागून पाने भरली. पंधरा दिवसांत दीडशे शब्द झाले. सोळाव्या दिवशी उजवी बाजू झाकून पाहिली, तर जेमतेम वीस शब्दांचे अर्थ आठवले. बाकीचे पाहुण्यांसारखे आले तसे निघून गेले होते.

थोरल्या भावाच्या कपाटात शेक्सपिअरचे ‘मॅक्बेथ’ हे नाटक होते. सुमारे १६०६ साली लिहिलेली ती शोकांतिका मुलाने उघडली, ती केवळ अवघड शब्दांची खाण म्हणून. गोष्ट वाचण्याचा त्याचा मुळीच विचार नव्हता. दुसऱ्या अंकात त्याला एक नामी जोडी सापडली: ‘मल्टिट्यूडिनस’ आणि ‘इन्कार्नडाइन’. पहिल्याचा अर्थ असंख्य, अफाट. दुसऱ्याचे मूळ मांसवाचक लॅटिन शब्दात असून जुना अर्थ ‘मांसाच्या रंगाचे, फिकट गुलाबी’ असा आहे, असे शब्दकोशाने सांगितले. शब्दकोशाचा यात काही दोष नाही. तो विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो.

त्या आठवड्याच्या इंग्रजी निबंधात मुलाने सूर्यास्ताचे आकाश ‘इन्कार्नडाइन’ करून टाकले. वही परत आली, तेव्हा त्या शब्दाखाली रेघ होती आणि समासात शिक्षकांनी विचारले होते, “हा शब्द कोणाच्या तोंडचा?”

मुलाला राग आला. शब्द ज्याच्या तोंडी असेल त्याच्या असो! पण उत्तर देणे भाग होते. म्हणून रात्री त्याने नाटक पहिल्या पानापासून वाचावयास घेतले. निम्मे कळत होते, निम्मे दादाने पेन्सिलीने लिहिलेल्या टिपांवरून उमगत होते.

मॅक्बेथ हा स्कॉटलंडचा शूर सरदार. तू राजा होशील, असे तीन चेटकिणी त्याला सांगतात. आणि राजा डंकन त्याच्याच घरी मुक्कामाला येतो. खुनाचा विचार करताना मॅक्बेथ प्रथम त्याला नुसते ‘ते’ म्हणतो, मग ‘ॲसॅसिनेशन’ असा भारदस्त शब्द योजतो. आजोबा वारले तेव्हा घरात कित्येक दिवस सगळे ‘गेले’ असेच म्हणत होते, ‘मेले’ कोणीच म्हटले नव्हते, हे मुलाला आठवले.

मग ती रात्र येते. खून करून मॅक्बेथ परततो. वाड्याचे दार कोणीतरी ठोठावीत असते आणि तो आपल्या रक्ताळलेल्या हाताकडे पाहत असतो. साऱ्या समुद्राच्या पाण्याने तरी हा हात निघेल काय? छे, हा हातच समुद्राला रंगवील! तेथे ते दोन अवजड शब्द लाटांसारखे गर्जत येतात. आणि लगेच पाठोपाठ ‘ग्रीन’ आणि ‘रेड’, चिमुकल्या मुलांनाही ठाऊक असलेले. अवघड शब्दाचा अर्थ नाटककाराने तेथेच सांगून ठेवला होता! त्यात फिकट गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता. या नाटकापासून त्या शब्दाला रक्ताचा लाल रंग चिकटला, तो आजतागायत.

लेडी मॅक्बेथला मात्र वाटते, थोड्याशा पाण्याने सारे धुऊन निघेल. पाचव्या अंकात तीच झोपेत चालते, रिकामे हात पुन्हा पुन्हा चोळते आणि न दिसणारा डाग काढू पाहते. त्या प्रवेशात तिच्या तोंडी वहीत उतरविण्याजोगा अवघड शब्द जवळजवळ नाहीच. तरी ते पान मुलाने तीनदा वाचले.

सकाळी त्याने निळी वही काढली. ‘इन्कार्नडाइन’समोरचा अर्थ खोडून त्याने लिहिले, “पाहुण्या राजाला मारून आलेल्या माणसाचा हात समुद्राला करील तसे.”

निबंधातील सूर्यास्ताचे आकाश मात्र त्याने मुकाट्याने पुन्हा ‘रेड’ करून टाकले.