कागदावरचा दोष



लोभी माणसाचे सोंग घेतले की लोभ आपल्याला चिकटतो का? प्रश्न जुनाच आहे. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये निळू फुले सखाराम झाले. पुढे सिनेमात त्यांनी इतके दुष्ट पाटील आणि सरपंच रंगवले, की बायका त्यांच्या नावाने बोटे मोडत. प्रत्यक्षात ते राष्ट्र सेवा दलात घडलेले, साधे आणि समाजासाठी झटणारे गृहस्थ होते.

आमच्या भुईगावच्या घरात हा प्रश्न दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर येतो. माझा सोळा वर्षांचा मुलगा आणि वाडीतली चार मुले 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापले पात्र होऊन "मी आता हे करतो" म्हणतात, आणि ते साधले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मी केळ्याचे वेफर्स आणि सरबत ठेवते. आमच्याकडे बटाटा नसतो, हे त्या मुलांनाही आता पाठ झाले आहे.

प्रत्येकाकडे आपल्या पात्राचा कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे असतात. ही मुले २०१४ च्या आवृत्तीने खेळतात. तिच्यात आणखी एक जागा आहे, पात्राच्या दोषाची. दोष लपवायचा नाही, खेळात आणायचा. तो चांगला वठवला तर गोष्ट सांगणारा 'इन्स्पिरेशन' देतो. ते वापरले की फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेता येतो. माझ्या मुलाचे पात्र चोराचे. दोष लिहिलाय, 'सोने दिसले की सोबत्याला विसरतो.'

मागच्या महिन्यात या चोराने खड्ड्यात लोंबकळणाऱ्या सोबत्याचा दोर सोडला आणि मोहरांची थैली उचलली. ते पात्र ज्याचे, तो शेजारचा मुलगा हिरमुसला. आमचा म्हणाला, "अरे, मी नाही, तो चोर!" झोपाळ्यावर जपमाळ घेऊन बसलेल्या सासूबाई हसल्या, "वा रे लखोबा!" १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच' मधला प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे त्यांच्या पिढीला विसरता येत नाही.

पण दिवस मावळायच्या आत जेवणे उरकल्यावर त्या गंभीरपणे म्हणाल्या, "अगं, यशोधराचा कोंबडाही पिठाचाच होता ना?"

ही कथा आपण प्रवचनात ऐकलेली असते. सोमदेवसूरींच्या इसवी सन ९५९ मधल्या 'यशस्तिलक' ग्रंथात ती आहे. आईच्या आग्रहाखातर यशोधर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला, तरी दोघांना अनेक जन्म पशुयोनीत काढावे लागले. कोंबडा खोटा होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता.

मी दोन दिवस यावर विचार केला. यशोधराला त्या बळीचे फळ हवे होते, म्हणून ते नाटक नव्हतेच. खेळणाऱ्या मुलाला सोने नको असते, लोभी माणूस कसा वागतो ते करून बघायचे असते. इथवर माझे समाधान झाले. पण आपल्याकडे कर्म तीन वाटांनी येते, कृत, कारित आणि अनुमोदना. खेळात दोर कुणी खरोखर सोडत नाही आणि कुणाकडून सोडवतही नाही. तिसरी वाट मात्र उघडी राहते. चोराच्या चलाखीवर मनातून खूश होणे, त्याची फुशारकी मारणे, ही अनुमोदनाच.

आणि सोंग मनाला शिवत नाही असेही नाही. ब्रह्मगुलाल मुनींची कथा आठवा. बहुरूपी असताना त्यांनी सिंहाचे सोंग घेतले, राजपुत्राने डिवचले, आणि सिंहाच्या आवेशात त्याच्या हातून राजपुत्राचा जीव गेला. पुढे राजाने त्याला दिगंबर मुनीचे सोंग आणायला सांगितले. ते त्याने जे घेतले, ते पुन्हा उतरवलेच नाही.

म्हणून खेळ बंद करायचा नाही, असे सासूबाई आणि मी मिळून ठरवले. खेळ आवरताना फक्त दोन प्रश्न विचारायचे: आज तुझ्या पात्रामुळे कुणाला त्रास झाला? तो बघून तुला काय वाटले? उपदेश करायचा नाही. पहिल्या रविवारी मुलाने खांदे उडवले. दुसऱ्या रविवारी शेजारच्या मुलाकडे न बघता म्हणाला, "दोर सोडला तेव्हा मजा आली होती. नंतर नाही आली." पात्र बदललेले नाही. चोर अजून चोरच आहे, आणि खड्ड्यातून वर आलेला सोबती आता थैलीचा हिशेब मागतोय.

परवा सासूबाईंनी नातवाला विचारले, "मी खेळायला बसले तर माझ्या कागदावर कोणता दोष लिहू?" तो म्हणाला, "आजी, तो ज्याचा त्यानेच लिहायचा असतो."

क्रोध, मान, माया, लोभ. मैत्रिणींनो, तुम्हीही एकदा कोरा कागद घेऊन बसा. चारांतला एकच लिहायचा, आणि तोही शेजारणीचा नाही, आपला.