नमुना वऱ्हाडचा, सभा तरुणांची

पावसानं ओढ दिली की वऱ्हाडातला जाणता शेतकरी गुरांना कोवळ्या ज्वारीकडे फिरकू देत नाही. वाढ खुंटलेली, माना टाकायला लागलेली ज्वारी जनावरानं खाल्ली तर त्याला किराळ लागते आणि वेळीच उपचार झाला नाही तर ते दगावतं. यामागचं रसायन आता चांगलं उलगडलं आहे. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं संयुग असतं. पान शाबूत असेपर्यंत त्याचा उपद्रव नाही, कारण त्याचं विघटन करणारं विकर पेशीत वेगळ्या कप्प्यात असतं. पान दाढेखाली चिरडलं की दोन्ही एकत्र येतात आणि बघता बघता हायड्रोसायनिक आम्ल सुटू लागतं. रोप लहान असताना धुरिन भरपूर असतं, पीक मोठं होईल तसं त्याचं प्रमाण उतरतं आणि पाण्याचा ताण बसला की पुन्हा चढतं.

माझ्या क्षेत्राचा सगळा पेच या एका पानात आहे. मी अमरावतीत वनस्पतींच्या मेटाबोलॉमिक्सवर काम करते. पानात, फळात किंवा रक्ताच्या थेंबात एका विशिष्ट क्षणी कोणकोणते लहान रेणू किती प्रमाणात आहेत, याची होता होईल तेवढी पूर्ण मोजदाद करणारं हे शास्त्र. साखरा, अमिनो आम्लं, रंगद्रव्यं, कडू-तुरट संरक्षक द्रव्यं असं सगळं त्यात येतं. वाणाचा डीएनए पेरणीपासून काढणीपर्यंत तोच राहतो. हे रेणू मात्र सकाळ-दुपार बदलतात, ऊन-पाण्यानं बदलतात, अळीनं पान कुरतडलं तरी बदलतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये माणसाच्या श्वासात सुमारे २५० आणि मूत्राच्या वाफेत सुमारे २८० द्रव्यं असल्याचं दाखवलं होतं. आज क्रोमॅटोग्राफीला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर एकाच नमुन्यात हजारो संकेत टिपतो. पण यंत्र बोलतं ते नळीत पोचलेल्या द्रवाबद्दल. ते शेतातल्या पानाला किती लागू पडतं, हे पान तोडल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांतच ठरून गेलेलं असतं.

आम्ही अमरावती-अकोल्याकडचे काही तरुण संशोधक सध्या एका छोट्या सभेच्या तयारीत आहोत. कुणी पीएच.डी. करतंय, कुणी नुकतंच महाविद्यालयात शिकवायला लागलंय. या सभेत सगळ्यात जास्त वेळ नमुन्याला द्यायचा, असं आम्ही ठरवलं आहे. त्यामागची कारणं इथल्या वाचकांपुढे मांडावीत म्हणून हा लेख.

पहिलं कारण म्हणजे नमुन्यांच्या बाबतीत वऱ्हाड फार श्रीमंत आहे. पऱ्हाटीचं पान उजेडासमोर धरा. त्यात बारीक काळसर ठिपके दिसतील. त्या ग्रंथींमध्ये गॉसिपॉल असतं, किडींपासून बचावासाठी झाडानं तयार केलेलं पिवळं द्रव्य. सरकीतही ते असतं, म्हणून सरकीचं तेल शुद्ध केल्याशिवाय खाण्याजोगं होत नाही. सरकीची ढेप गाई-म्हशींना चालते, कारण त्यांच्या कोठीपोटात गॉसिपॉलचा जोर बराच मोडतो. कोंबडीला आणि डुकराला मात्र ती जपूनच द्यावी लागते. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटानं २००६ मध्ये असा कापूस करून दाखवला, की ज्याच्या सरकीत गॉसिपॉल अगदी कमी, पण पानात पूर्वीइतकंच. एका रेणूचा माग काढत गेल्यावर किती दूर जाता येतं, ते यातून कळतं.

अंजनगाव सुर्जी आणि अकोट भागातल्या पानपिंपरीत पाइपरिन आहे आणि तिच्याच नावावरून ओळखलं जाणारं पाइपरलाँग्युमिनही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर उघड्यावर मांडून ठेवलेला प्रयोगच. तिथलं भूजल खारं आहे, आणि तेच वाण खाऱ्या आणि गोड्या पाण्यावर वाढवलं तर झाड आपल्या रेणूंची जुळवाजुळव कशी बदलतं, हे शेजारशेजारच्या तालुक्यांत पाहता येतं.

आणि वरूड-मोर्शीचा संत्रा. त्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होऊ लागतो. अख्ख्या फळात लिमोनिनचं चव नसलेलं पूर्वरूप असतं. फळ पिळलं की आम्लाच्या संगतीत त्याचं कडू लिमोनिन होतं. रसाच्या उद्योगाला हा कडवटपणा कायम नडतो, आणि आमच्यासारख्यांना तो ज्वारीचाच धडा पुन्हा देतो: ऊतक फुटलं की रसायन बदललं. वरूडकडच्या एका बागेत फळं घ्यायला गेले होते, तेव्हा बागवान काकाजी म्हणाले, “अंब्याचा हाये का मिरगाचा, थे आंधी लेहून घ्या, मॅडम.” अंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, मृग बहाराची पावसाच्या सुरुवातीला. एकाच झाडाची ही दोन पिकं वेगवेगळ्या हवेत पोसली जातात. चिठ्ठीवर नुसतं ‘नागपुरी संत्रा, वरूड’ एवढंच लिहिलं असेल तर अर्धी माहिती बागेतच राहून जाते. काकाजींचं ते वाक्य आमच्या नमुना-पत्रकाचा पहिला रकाना झालं आहे.

दुसरं कारण अंतराचं. या कामाला लागणाऱ्या यंत्रांची किंमत कोटींत जाते. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांचे नमुने मुंबईच्या आयआयटीतल्या सामायिक उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी जातात, नाहीतर पुण्या-नागपूरच्या प्रयोगशाळांत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पान तोडलं, पिशवीत टाकलं, दुपारभर गाडीत राहिलं, रात्री वीज गेली, दुसऱ्या दिवशी बर्फात घालून पाठवलं, तर यंत्रासमोर येतो तो त्या प्रवासाचाच अहवाल. इतकी मेहनत घेणाऱ्या मुलांचं काम असं पहिल्याच पायरीवर निसटतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे टाळता येतं, आणि टाळायला कोटी रुपये लागत नाहीत.

द्रव नायट्रोजनचंच घ्या. उणे १९६ अंशांच्या या द्रवात पान बुडवलं की विकरं जागच्या जागी थांबतात. अनेकांना वाटतं, हा मोठ्या शहरातला मामला. पण गावोगावी कृत्रिम रेतनाच्या कांड्या याच द्रवात जपल्या जातात, आणि पशुवैद्यकीय मंडळी तो रोज हाताळतात. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, कृषी विद्यापीठ आहे. ज्यांच्याकडून शिकायचं ती माणसं शेजारीच आहेत. सभेत त्यांच्याकडून धडा घ्यायचा: हातमोजे कोणते, डबा कसा उचलायचा, बंद गाडीत तो का नेऊ नये. जिथे नायट्रोजन मिळणारच नाही, तिथे गारठवलेल्या मिथेनॉलमध्ये पान लगेच कसं बुडवायचं, हेही.

तरुणांनीच सभा का भरवायची, असं काही ज्येष्ठ आपुलकीनं विचारतात. त्यांना मी एक जुनी हकिकत सांगते. १९१० मध्ये जॉन लायोनेल सायमनसन नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला. लखनौच्या कॅनिंग कॉलेजात त्याच्याच विषयाचे पी. एस. मॅकमहॉन होते. हिंदुस्थानात विखुरलेल्या संशोधकांना वर्षातून एकदा एकमेकांना भेटायला जागा हवी, असं या दोघांनी मनावर घेतलं. जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत पहिली इंडियन सायन्स काँग्रेस भरली. अध्यक्ष आशुतोष मुखर्जी, जमलेले १०५ जण, वाचलेले निबंध ३५. सायमनसन तेव्हा जेमतेम तिशीच्या उंबरठ्यावर होता. पुढे त्यानं भारतीय चिडाच्या टर्पेंटाइनमधून कॅरीन हे द्रव्य शोधलं आणि टर्पीनवर्गाच्या रसायनाचा तो जाणकार झाला. म्हणजे आज आम्ही ज्याला वनस्पतींची चयापचयी द्रव्यं म्हणतो, तोच त्याचा विषय. ती काँग्रेस १९२० मध्ये प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचं १०८ वं अधिवेशनही नागपुरातच झालं. एवढा मोठा वटवृक्ष दोन संशोधकांच्या गरजेतून उगवला. जगभरच्या मेटाबोलॉमिक्स सोसायटीतही नवोदितांचं वेगळं मंडळ आहे आणि ते स्वतःच्या कार्यशाळा स्वतः आखतं. तरुणांना आपल्या अडचणी ठाऊक असतात. ज्येष्ठांपुढे त्या बोलायला ते कचरतात, बरोबरीच्यांत मोकळे होतात.

आमच्या आखणीत पहिली सकाळ शेतात आहे. एकाच झाडाचं पान तीन तऱ्हांनी घ्यायचं: एक तत्काळ गोठवून, दुसरं बर्फावर, तिसरं तासभर पिशवीत ठेवून. तिन्ही पुढे यंत्राकडे जातील. पण त्याआधी, यंत्राशिवाय दिसणारा एक प्रयोग सगळ्यांनी हातानं करायचा. कोवळ्या ज्वारीचं पान चुरून परीक्षानळीत टाकायचं, वर सोडियम पिक्रेटची ओलसर पिवळी पट्टी लोंबती सोडायची आणि बूच घट्ट लावायचं. हळूहळू पट्टीचा पिवळा रंग नारिंगी होतो, मग विटकरी. शेजारच्या नळीत तेच पान, पण आधी विकर निकामी होईस्तोवर उकळत्या पाण्यात धरून ठेवलेलं. तिथली पट्टी पिवळीच राहते. झाड तेच, पान तेच, फरक फक्त आपण ते कसं हाताळलं याचा. विद्यार्थ्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की नमुना घेताना घाई का करायची, हे त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

दुपारी न जमलेल्या कामांचं सत्र. मेटाबोलॉमिक्समध्ये फसवे संकेत फार. प्लास्टिकच्या नळ्यांतून ओलेअमाइडसारखी द्रव्यं झिरपतात आणि यंत्राला ती दिसतात. रिकामी, म्हणजे पान न घातलेली नळी सोबत चालवली नसेल तर तो वनस्पतीचाच नवा रेणू वाटतो. निरोगी झाडांचे सगळे नमुने आधी आणि रोगट झाडांचे सगळे नंतर चालवले, तर यंत्राची दिवसभरात मंदावलेली संवेदनशीलता रोगाचं लक्षण म्हणून पुढे येते. म्हणून नमुन्यांचा क्रम सरमिसळ ठेवायचा आणि सगळ्यांतून थोडं थोडं घेऊन केलेलं एकच मिश्रण ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा चालवायचं. छापील शोधनिबंधात या गोष्टी दोन ओळींत उरकतात. एकमेकांचे आलेख मांडून बसलं की त्या अंगवळणी पडतात.

भित्तिपत्रकांसाठी आमचा एकच आग्रह आहे. प्रत्येक रेणूच्या नावापुढे त्याची ओळख किती पक्की आहे, ते लिहायचं. २००७ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी चार पायऱ्या ठरवल्या. शुद्ध प्रमाणित द्रव्याशी ताडून पाहिलेलं नाव पहिल्या पायरीवर, नुसता अनोळखी संकेत चौथ्या. ल्यूसिन आणि आयसोल्यूसिन यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं असतं, त्यामुळे नुसत्या वस्तुमानावरून संगणकानं सुचवलेलं नाव निर्णय म्हणून छापणं धोक्याचं. ‘तिसरी पायरी’ असं लिहिण्यात कमीपणा नाही. पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची, ते त्यातून कळतं.

शेतकऱ्यांनाही बोलवायचं ठरलं आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवार फेरी वऱ्हाडाला परिचयाची आहे. हजारो शेतकरी वाफ्यावाफ्यापाशी थांबतात, रोप हातात घेऊन बघतात, जे पटलं नाही ते तिथल्या तिथे विचारतात. भित्तिपत्रकांसमोरही तसंच व्हावं. याच पंजाबरावांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे शेतकरीच होता. ज्याच्या बागेतून संत्रा आणला, त्याला त्याच्या संत्र्याचा आलेख मराठीत समजावून सांगता आला पाहिजे. तो ऐकेल आणि पाणी कधी तोडलं, फवारणी कोणती झाली, हे सांगेल. आमच्या आकड्यांना त्याशिवाय अर्थ येत नाही.

यासाठी मागणं फार नाही. प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी विद्यार्थ्यांना दोन दिवस मोकळे द्यावेत. उद्घाटन थोडक्यात आटोपू द्यावं, म्हणजे सकाळचा गारवा नमुन्यांच्या कामी येईल. नागपूरच्या कापूस आणि लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संस्थांतल्या, पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतल्या जाणकारांनी व्याख्यानाऐवजी मुलांच्या आलेखांपाशी एक दुपार बसावं. सभेच्या शेवटी आम्हाला एका पानाचं नमुना-पत्रक सर्वसंमतीनं हवं आहे: वाण, बहार, पाणी, वेळ, तापमान, तोडल्यापासून गोठवेपर्यंतची मिनिटं. अकोटची पानपिंपरी, वरूडचा संत्रा आणि दर्यापूरची पऱ्हाटी या एकाच पत्रकावर नोंदली जाऊ लागली, तर आज आमच्याजवळ सुटे सुटे असलेले आकडे एकमेकांशी ताडता येतील, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. ते पत्रक ज्यांना हवं असेल त्यांनी जरूर घ्यावं, वापरावं आणि त्यात काय राहिलं ते आम्हाला कळवावं.