टक्... टक्... कोण आहे?

*गाडीतल्या एका आवाजाचा पिच्छा पुरवताना कोथरूड ते नाना पेठ, व्हाया ताम्हिणी घाट!*

पिरंगुटचा पहिला स्पीडब्रेकर. टक्.

दुसरा स्पीडब्रेकर. टक्-टक्.

"बाबा, कसला आवाज येतोय?"

"कुठं? काही नाही."

मागच्या सीटवरून आई शांतपणे म्हणाली, "अगं, तो येतोच. दोन महिने झाले."

बाबांची गाडी म्हणजे बारा वर्षांची पांढरी हॅचबॅक. बँकेतून रिटायर झाल्यावर घेतलेली आणि अजून सीटवर टर्किश टॉवेल घालून जपलेली. महिन्यातून एका रविवारी आई-बाबा त्यातून माणगावजवळच्या आमच्या आजोळी जातात. बंद घर उघडायचं, झाडलोट करायची, नारळ मोजायचे, संध्याकाळी परत. मी एरवी स्कूटरवाली नाहीतर कॅबवाली. या गाडीत बऱ्याच दिवसांनी बसत होते म्हणून मला तो आवाज टोचला. त्यावर मी काय केलं? आपल्या पिढीला जे उत्तम जमतं तेच. गाण्यांचा व्हॉल्यूम वाढवला!

पौड गेलं, उजवीकडे मुळशीचं पाणी सुरू झालं. हा रस्ता सुंदर आहे यात वादच नाही. याच पाण्याखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता, हे बाबा दर वेळी सांगतात आणि दर वेळी आम्ही पहिल्यांदा ऐकल्यासारखं 'हो का?' म्हणतो. मग ताम्हिणी. वळणामागून वळण, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. उतारावर खड्डा आला की डाव्या पुढच्या चाकाकडून टक्. गाणं चालू असूनही मला तो ऐकू येत होता. बाबा मात्र मजेत, खिडकी चार बोटं उघडी ठेवून, सेकंड गिअरमध्ये.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. बाबा आवाजाकडे दुर्लक्ष करत नव्हते. त्यांना तो ऐकूच येत नव्हता!

वयाबरोबर कान जातात ते आधी वरच्या पट्टीचे आवाज सोडत जातात. इंजिनाची घरघर ऐकू येते, बारीक टक् निसटतो. बाबा आता ६८ वर्षांचे आहेत. श्रवणयंत्र आहे, पण ते टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. "नुसती बॅटरी खातं," हे त्यावरचं त्यांचं अधिकृत मत.

फॉल्ट सापडला नाही!

सोमवारी गाडी घेऊन मी एका चकाचक सर्व्हिस सेंटरला गेले. एसी, कॉफी मशीन, काचेपलीकडे आपली गाडी दिसेल अशी सोय. टाय लावलेल्या मुलाने टॅबवर 'पुढून आवाज' एवढंच टाइप केलं. पुढे कसला, कधी, किती वेगात, हे लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती. मग ट्रायल झाली. कुठे? समोरच्या गुळगुळीत काँक्रीटच्या रस्त्यावर! पुण्यात खड्डा शोधायला लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मॅडम, फॉल्ट सापडला नाही. पण गाडी जुनी आहे. दोन्ही शॉकॲब्जॉर्बर बदलून घ्या." एस्टिमेट साडेएकोणीस हजार.

फ्रीलान्सरला साडेएकोणीस हजार म्हणजे काय, हे फ्रीलान्सरच जाणे. तरी मी तेही दिले असते. पण जो आवाज सापडलाच नाही, तो एवढ्या पैशांत जाणार कसा, याचं उत्तर काही मिळेना. शेवटी एका जुन्या फोटोग्राफर मित्राने फंडा दिला. "नाना पेठेत जा. आणि बाबांना घेऊन जा, गाडी त्यांची आहे."

सांगू नका, करून दाखवा

नाना पेठ माहीत नाही असा दुचाकीवाला पुण्यात सापडणं कठीण. नाना फडणवीसांच्या नावाची ही पेठ. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी जिथे मुक्काम करते तो निवडुंग्या विठोबा याच पेठेतला. बाकीचं वर्षभर मात्र इथे वेगळीच वारी चालते, स्पेअर पार्टवाल्यांची! सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं पुणं पुढे स्कूटरचं झालं. चेतक १९७२ साली आली, ती इथल्याच आकुर्डीच्या बजाजची. एवढ्या गाड्या म्हटल्यावर त्यांची दुखणीही आली आणि दुखण्यांचा बाजारही आला. फूटपाथवर टांगलेले सायलेन्सर, माळेसारखे ओवलेले क्लच वायर, काचेच्या कपाटात हारीने मांडलेले आरसे. रबर आणि ग्रीसचा एक जाड वास. पार्किंगची बोंब. आणि प्रत्येक दुकानात एक माणूस, जो तुमच्या हातातला मोडका तुकडा नुसता बघून गाडीचं मॉडेल सांगतो.

उस्तादांचं गॅरेज अशाच एका बोळात. गॅरेज कसलं, वर पत्रा आणि खाली एका गाडीची जागा. दुसरी गाडी आली की ती रस्त्यावर.

"आवाज येतोय," मी सुरुवात केली.

"कसा?"

"म्हणजे... पुढून, डावीकडून..."

"मॅडम, सांगू नका. करून दाखवा. टक्क, ठक्क, का खडखड?"

भर बोळात, चहावाल्याच्या समोर, मी तोंडाने टक्-टक् केलं. उस्ताद हसले नाहीत. डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "दोन टक् लागोपाठ? मधे गॅप?" खरं सांगते, मास कॉमच्या दोन वर्षांत कुणी मला इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

आपल्या भाषेची ही श्रीमंती मला तिथे समजली. करकर, कुरकुर, खडखड, घरघर, ठणठण... मेकॅनिकसाठी यातला प्रत्येक शब्द वेगळ्या पार्टचा पत्ता असतो. करकरतं ते कोरडं रबर. खडखडतो तो ढिला पत्रा. घरघरतं ते बेअरिंग. 'नॉइज' या एका शब्दात हे सगळं कोंबलं, की साडेएकोणीस हजारांचं एस्टिमेट येतं!

मग सुरू झाली चौकशी, अगदी डिटेक्टिव्ह स्टाइल. उभ्या गाडीत रेस वाढवली. आवाज नाही, म्हणजे इंजिन सुटलं. डिकी रिकामी केली. जॅक, पाना, स्टेपनी, आईची चटई, सगळं बाहेर. सीटखालून एक पाण्याची बाटली आणि दोन सुपाऱ्या निघाल्या. "निम्मे आवाज असेच असतात," उस्ताद म्हणाले. बोळातल्या उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून एक चक्कर मारली. टक्! संशयित अजून गाडीतच होता.

स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर. आवाज नाही, म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंटही सुटला. हलका ब्रेक धरून पुन्हा पेव्हर ब्लॉक. टक् तसाच, म्हणजे ब्रेकचे पॅडही नाहीत.

हाताला ऐकू येतं

बाबा हे सगळं बाजूला उभे राहून बघत होते. चेहऱ्यावर 'उगाच खर्च' असं स्पष्ट लिहिलेलं. उस्तादांनी विचारलं, "काका, तुम्हाला येतो का आवाज?"

"नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "मला कमी येतं ऐकायला."

हे वाक्य आमच्या घरात कुणीही, कधीही ऐकलेलं नव्हतं.

उस्तादांनी त्यावर काहीच भाष्य केलं नाही. त्यांनी चाक बाहेरच्या बाजूला वळवलं, बाबांना खाली उकिडवं बसायला लावलं आणि त्यांचा हात आतल्या बोटभर जाड दांडीवर ठेवला. "हा लिंक रॉड. नुसता धरून ठेवा." मग हेल्परने गाडी डावी-उजवी हलवायला सुरुवात केली.

बाबांचा चेहरा बदलला. "अरे! वाजतंय की हे. हाताला लागतंय!"

लिंक रॉड म्हणजे गाडी वळणावर एका अंगाला कलू नये म्हणून आडवा बसवलेला जो दांडा असतो, त्याला सस्पेन्शनशी जोडणारी छोटी काडी. दोन्ही टोकांना गोळीचा सांधा. तो झिजला की खड्ड्यावर टकटकतो. स्वस्त पार्ट, अर्ध्या तासाचं काम. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा सांगितला.

उस्ताद मात्र उठले नाहीत. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळा सरकवला आणि चाक वर-खाली धरून हलवलं. मग टॉमी, म्हणजे ती लांब लोखंडी पहार, चाकाच्या आत घालून हळूच दाबली. बॉल जॉइंटवरचं रबरी बूट फाटलेलं होतं. ग्रीस कधीच गळून गेलं होतं, आत पाणी आणि माती. पहार दाबली की सांधा स्पष्ट हलत होता. पूर्ण शांतपणे!

"जो वाजतोय, त्याने काही होणार नव्हतं," उस्ताद म्हणाले. "हा वाजत नाही, पण हा सुटला की चाक आडवं पडतं. गाडी कुठं चालवता?"

"ताम्हिणीत," बाबा म्हणाले.

चहा आला. कुणीच घेतला नाही.

गेल्या रविवारचा तो उतार, चार बोटं उघडी खिडकी, मागे आई आणि मी वाढवलेला व्हॉल्यूम. सगळं एकदम आठवलं. तो टक्-टक् नसता, तर गाडी इथे आलीच नसती. बिनमहत्त्वाच्या त्या काडीने दार वाजवून वाजवून आम्हाला आतल्या आजाऱ्यापर्यंत आणलं होतं.

ओरिजिनल की लोकल?

पार्ट आणायला बाबा आणि मी पायीच निघालो. आमच्या मॉडेलमध्ये बॉल जॉइंट सुटा मिळत नाही, अख्खा खालचा आर्म घ्यावा लागतो. पहिल्या दुकानात, "ओरिजिनल की लोकल?" दुसऱ्यात तीन कंपन्यांचे तीन भाव. तिसऱ्यात एका आजोबांनी आमचा जुना लिंक रॉड हातात घेऊन कानाशी हलवला आणि नुसती मान डोलावली. बाबांनी बँकेतल्या सवयीने तिन्ही भाव कागदावर लिहिले, सिल तपासलं, बिल मागितलं आणि सगळ्यात महाग तो घेतला. मी आश्चर्याने बघतच राहिले. हा माणूस भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडतो!

दुकानासमोर एक नवी इलेक्ट्रिक चेतक उभी होती. २०२० साली हे नाव पुन्हा आलं, पण बिनआवाजाचं. मी उस्तादांना म्हटलं, आता तुमचं कसं होणार? ते म्हणाले, "उलट इंजिन गप्प झालं की बारके बारके आवाज जास्त ऐकू येतात. लोक जास्त येतील." हे मात्र सॉलिड!

बसवतानाची एक गोष्ट लक्षात राहिली. आर्मचे बोल्ट उस्तादांनी आधी अर्धवटच आवळले. गाडी खाली घेतली, चाकं जमिनीला टेकली आणि मगच शेवटचा पिळ दिला. "हवेत आवळलं तर खाली आल्यावर रबर पिळून राहतं, लवकर फाटतं. गाडी तिच्या वजनावर उभी राहू द्यायची." मग जवळच व्हील अलाइनमेंट. दोन्ही लिंक रॉड, डावा आर्म, मजुरी, सगळं मिळून पाच हजारांच्या आत. उजवा आर्म? "घट्ट आहे. कशाला बदलता?"

परत येताना लक्ष्मी रोडवर खड्डा आला. शांतता. पुढचा खड्डा. शांतता. इतकी शांतता की करमेना!

पुन्हा ताम्हिणी

पुढच्या महिन्यातला रविवार. मी मुद्दाम गेले. गाडी चालवायला मागितली, तर बाबांनी माणगावपर्यंत दिली नाही. पण निघताना ते टीव्हीजवळ थांबले, ड्रॉवर उघडून बंद झाला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दोघीही काही बोललो नाही.

मुळशीचं पाणी, सेनापती बापट, 'हो का?' सगळं रीतसर झालं. घाटाच्या पहिल्या वळणावर बाबांनी स्वतःच गाणं बंद केलं. सेकंड गिअर. खिडकी चार बोटं उघडी. खड्डा आला, गेला.

"थांब," बाबा म्हणाले. "काहीतरी वाजतंय."

माझ्या पोटात गोळा. त्यांनी मान किंचित डावीकडे केली, अगदी उस्तादांसारखी.

"तुझ्या पिशवीतला डबा आहे तो. झाकण नीट लाव."

चौकट : आवाजाची बाराखडी

● टक्-टक्, कमी वेगात, खड्ड्यावर : लिंक रॉड, बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकॲब्जॉर्बरचं वरचं माउंटिंग. आधी डिकी रिकामी करून बघा!

● कट्-कट्-कट्, स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलताना : ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलंय का पाहा.

● टिण्-टिण्, चढावर मोठ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर : हे इंजिनाचं खरं 'नॉकिंग'. गिअर खाली घ्या. तरीही आलं तर इंधन आणि इंजिन दाखवा.

● घूं..., वेगाबरोबर वाढणारी : व्हील बेअरिंग, नाहीतर वाकडा झिजलेला टायर.

● चाकाच्या लयीत ठक्-ठक् : लगेच थांबा. चाकाचे नट ढिले असू शकतात.

● मेकॅनिककडे जाताना आवाजाचं रेकॉर्डिंग न्या. कोणत्या रस्त्यावर, किती वेगात, वळताना की ब्रेक मारताना, हे लिहून ठेवा. जमलं तर तोंडाने करूनही दाखवा. लाज वाटते, पण पैसे वाचतात!